लोहगडातले लोखंड आणि उत्पत्तीचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हे गोंडांच्या कोया पूनेम धर्माचे उगमस्थान मानले जाते. परंपरा सांगते की कली कंकालीची मुले या गुहेत शिळेआड कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या नादाने शिळा हलली, तो स्वतः तिच्याखाली सापडला, पण मुले सुटली. मग पारी कुपार लिंगोने त्यांना धर्म शिकवला आणि कुळे नेमून दिली. गोंडी उत्पत्तिकथेतला काचीकोपा लोहगड तो हाच, या श्रद्धेने माघ पौर्णिमेला शेजारच्या राज्यांतूनही भाविक दरेकसा, धनेगावमार्गे गुहेपर्यंत येतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. त्यातही या गडाचे नाव येते.

लोहगड या नावातच लोह आहे, म्हणजे कथेच्या गाभ्यात लोखंड आहे. ते मुळात आले कोठून, याचे उत्तर खगोलभौतिकीने विसाव्या शतकात दिले. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांनी ताऱ्यांच्या पोटातील अणुकेंद्रीय अभिक्रियांमधून मूलद्रव्ये कशी घडतात हे सविस्तर मांडले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉईल यांचे शिष्य होते. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचे हेलियम होते. हेलियमपासून कार्बन होण्यास दहा कोटी अंशांच्या आसपास तापमान लागते. पुढच्या पायऱ्या केवळ प्रचंड ताऱ्यांनाच चढता येतात. शेवटी सुमारे तीनशे कोटी अंशांना सिलिकॉनपासून निकेल-५६ बनते. ही अवस्था काही दिवसच टिकते. त्या निकेलचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे लोखंड. लोखंडाच्या पुढे संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, म्हणून ताऱ्याचा गाभा क्षणार्धात कोसळतो आणि स्फोटात द्रव्य अवकाशात उधळले जाते. श्वेतबटूंच्या स्फोटांतूनही पुष्कळ लोखंड बाहेर पडते. प्रौढ माणसाच्या शरीरातले तीन-चार ग्रॅम लोखंड, ज्याचा मोठा भाग रक्तात असतो, याच वाटेने आलेले आहे.

यावरून लोहगडाच्या कथेत हे विज्ञान आधीच दडलेले होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. तसे म्हटल्याने कथेचा मान वाढत नाही. उलट, तिला खरे ठरण्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागतो, असे आपण नकळत कबूल करतो. कथेचा प्रश्नच निराळा आहे. चार, पाच, सहा आणि सात देवांचे गट कोणते, कोणाची सोयरीक कोणाशी जुळते, कोणत्या कुळाने कोणता प्राणी, पक्षी आणि झाड राखायचे, हे ती ठरवते. ज्या प्राण्याचे रक्षण कुळाकडे आहे, त्याची शिकार त्या कुळाला वर्ज्य असते.

ताऱ्यांच्या वृत्तान्तातून असा एकही नियम निघत नाही. सगळ्यांच्या रक्तातले लोखंड सारखेच. त्यावरून गोत्र ठरत नाही आणि कर्तव्यही ठरत नाही. ‘आपण ताऱ्यांची लेकरे’ हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी ते कोणावर कसलीही जबाबदारी टाकत नाही. दुसरीकडे, कथेवरून निकेल-५६ चे अर्धायुष्य सुमारे सहा दिवसांचे आहे हे कधीच कळले नसते.

लगतच्या बालाघाट-मंडला भागातील अगरिया लोहार या दोन्हींच्या मधोमध उभे राहतात. ते कोळशाच्या भट्टीत दगडातून लोखंड गाळत आणि लोहासुराला पूजत. भट्टीत कोळसा दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. नवा अणू एकही घडत नाही. लोखंड आधीपासूनच असते, माणूस ते फक्त मिळवतो, ही समज लोहासुराच्या पूजेत आहे आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ती अचूक आहे.

म्हणून कचारगडला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात ताऱ्यांचा धडा शिकवताना लिंगोची कथा खोडण्याची गरज नाही, आणि ती विज्ञान म्हणून शिकवण्याचीही नाही.