घरातील श्रम कोणाचे?

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पिरंगुट आज कारखान्यांचे गाव झाले आहे. पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांत स्त्रियाही असतात. ७ जून २०२१ रोजी जवळच्या उरवडे येथील रासायनिक कारखान्यास आग लागली. त्यात मरण पावलेल्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. संसारासाठी स्त्री बाहेर किती राबते, याची जाणीव तेव्हा अनेकांना झाली. परंतु घरी परतल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, ती कोणाच्या नजरेस येत नाही.

पती म्हणतो, "मी दिवसभर राबून आलो आहे." ते खरेच आहे. हलाल कमाईसाठी गाळलेला घाम निःसंशय पुण्याचा आहे. प्रश्न एवढाच की, त्या घामाने घरातील जबाबदारी फिटते काय?

दिव्य कुरआनात (सूरह बकरा, आयत २३३) स्तनपानाचा पूर्ण अवधी दोन वर्षांचा सांगितला असून मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे. तथापि विषय येथे संपत नाही. त्याआधी दूध तोडावयाचे झाल्यास दोघांची संमती व विचारविनिमय हवा, असेही मार्गदर्शन आहे. दूध तोडण्याच्या बाबतीतही ज्या पित्याचा विचार घ्यावयाचा, तो केवळ पैसे आणून देणारा कसा असेल? मुलांचे आजारपण, अभ्यास, नमाजची सवय, या सर्वांत त्याचा वाटा आहेच.

जाते ओढून माननीय फातिमा (रजि.) यांचे हात सोलवटले. त्यांनी सेवक मागितला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपतेवेळी करावयाचे अल्लाहचे स्मरण शिकविले. या प्रसंगाचा दाखला देऊन काही जण पत्नीला सब्रचा उपदेश करतात. मात्र ती शिकवण माननीय अली (रजि.) यांनाही होती, हे ते विसरतात. शिवाय माननीय आयेशा (रजि.) यांच्या सांगण्यानुसार प्रेषित (स.) स्वतः घरकामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच निघत. सब्र स्वतः धारण करावयाचा असतो, दुसऱ्याच्या माथी मारावयाचा नसतो.

दमून आलेल्या पित्याने आज रात्री रडणारे मूल उचलून घ्यावे. पत्नीला मिळालेली ती घटकाभर झोप अल्लाहच्या दरबारी वाया जाणार नाही. अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.