जतन आणि ऋषिऋण

मनुष्य जन्मतःच तीन ऋणे माथी घेऊन येतो, असे आपली शास्त्रे सांगतात : देवऋण, ऋषिऋण व पितृऋण. त्यांपैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग अध्ययन हा सांगितला आहे. ग्रंथ पेटीत जपून ठेवणे हा नव्हे. हा भेद आज पुन्हा ध्यानी घेण्यासारखा आहे. जुनी पोथी, पूर्वजांचे मोडी कागद, आजीच्या तोंडची गाणी, हे सारे आता खिशातील मोबाईलने क्षणार्धात टिपता येते. आणि टिपले म्हणजे राहिले, असे आपण मानू लागलो आहोत. ते खरे आहे काय?

धारचेच उदाहरण घ्या. सन १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना तेथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूत एक कोरीव शिळा आढळली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने तेराव्या शतकात रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका तिच्यावर होती. चार अंकांपैकी पहिले दोनच त्या शिळेवर मिळाले. उरलेले दोन ज्या शिळेवर कोरले असावेत, ती सापडली नाही. पाषाणाहून टिकाऊ ते काय? तरीही अर्धी कृती गेली. जी अर्धी राहिली तीही लेल्यांसारखा जाणता भेटला आणि हुल्ट्श या जर्मन पंडिताने ती वाचून संपादित केली, म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली.

आता देवासकडे पाहा. सन १९४८ मध्ये क्षयाने पीडित झालेले कुमार गंधर्व उपचारासाठी देवासला आले. गाणे वर्ज्य झालेल्या त्या काळात माळव्यातील लोकगीतांचे सूर त्यांच्या कानी पडत. ती गीते ना पाषाणावर होती, ना ताडपत्रावर. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ती चालत आली होती. कुमारांनी त्यांचा संग्रह केला, स्वरलेखन केले, आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. त्यांतील काही १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आले. हे खरे अध्ययन होय : घेतले, पचविले आणि वाढवून पुढे दिले.

यावरून यंत्र व्यर्थ आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कंठही नश्वर आहे. गाणारी वृद्धा गेली की तिच्याबरोबर किती ओव्या गेल्या, याची मोजदादही उरत नाही. डिजिटल पद्धतीत अक्षर आणि स्वर यांचे अंकांत रूपांतर होते, आणि प्रतीवरून प्रत काढली तरी मूळ ढळत नाही. लेखकूंच्या हस्तदोषांनी ज्यांच्या पोथ्या पाठभेदांनी भरून गेल्या, त्या आपल्या पूर्वजांना हे साधन वरदानच वाटले असते. ते हाती असून न वापरणे हा आळस होय.

परंतु या साधनालाही माणूस लागतो. यंत्रे काही वर्षांत जुनी होतात. वेळीच नवी प्रत केली नाही तर सारा संग्रह मुका होतो. मोडीचेच पाहा. युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेत मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले. पण पवारांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घराण्यांत आज मोडी वाचणारे किती? न वाचता येणाऱ्या कागदाचे सुंदर छायाचित्र आणि भिंतीत दडलेली शिळा, यांत फारसे अंतर नाही.

आणखी एक विवेक राखावा. गाणे टिपण्यापूर्वी गाणारीची संमती घ्यावी; तिचे नाव, गाव आणि ते गीत कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे सोबत नोंदवावे. नाव पुसून घेतलेला ठेवा हे जतन नव्हे, अपहरण होय.

सभासद बंधुभगिनींनो, घरातील दफ्तराची छायाचित्रे अवश्य काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. पण त्याच घरातील एका तरी मुलाला मोडी शिकवा, एका तरी मुलीला आजीजवळ बसवून ते गाणे तिच्या गळ्यात उतरू द्या. स्मरणाचे ओझे यंत्र वाहील. ऋण मात्र आपल्यालाच फेडावे लागेल.