कापलेला पत्ता

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत मेडिकलच्या काउंटरवर तीन वस्तू हमखास दिसतात. उधारीची वही, मोबाईलने पैसे देण्याचा चौकोनी फलक आणि कात्री. पहिल्या दोन्हींवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला कात्रीबद्दल लिहायचं आहे.

जवळच्या ‘बंदी भाग’ म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्यातल्या खेड्यातून आलेला माणूस चिठ्ठी पुढे सरकवतो. ‘किती होतात भाऊ?’ आकडा ऐकून खिशातली नोट बाहेरूनच चाचपतो. ‘बरं, सध्या तीन रोजच्या द्या.’ मग कात्री चालते. गोळ्यांच्या पत्त्याच्या एका कडेला बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत आणि किंमत छापलेली असते. ती कड दुकानातच राहते. राहायलाच हवी, कारण उरलेल्या गोळ्या विकायच्या असतात आणि मुदत दुकानदारालाही पाहायची असते. गिऱ्हाइकाच्या हातात सहा गोळ्यांचा चंदेरी तुकडा येतो. त्यावर नावाची निम्मी अक्षरं, कुठे कंपनीच्या पत्त्यातलं एखादं राज्य. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, खरं-खोटं मोबाईलवर पडताळता यावं म्हणून. तो कोड पत्त्यावर असला तरी त्याचा चतकोरच या माणसाच्या वाट्याला येतो.

औषधं महाग आहेत ही एक तक्रार आणि औषधं बोगस निघतात ही दुसरी, अशी आपल्याला विभागणी करून बोलायची सवय आहे. पहिलीवर अर्थतज्ज्ञ बोलतात, दुसरीवर पोलीस. ढाणकीच्या काउंटरवर मात्र दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी दिसतो. ज्याला अख्खा पत्ता परवडत नाही, त्याला आपण काय गिळतो हे सिद्ध करण्याचं साधनही मिळत नाही. उद्या ती बॅच खराब निघाली, टीव्हीवर तिचा नंबर सांगितला, तर तो कशाशी ताडून पाहणार?

हाच माणूस शेजारच्या कृषी केंद्रात वेगळा असतो. तिथे तो कसलेला ग्राहक आहे. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२५ च्या हंगामात ती ९०१ रुपये होती आणि हा आकडा उमरखेड तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ होता. जास्त मागितले तर भांडण होतं. सोयाबीन पेरण्याआधी तो ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळतो आणि आठवड्याने मोजतो. सत्तर उगवले तर पेरायचं. पक्की पावती घेतो, पिशवीवरचा टॅग जपतो, मूठभर बी बाजूला ठेवतो. उगवलंच नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शिवारात येऊन पंचनामा करते हे त्याला ठाऊक असतं. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा असल्याच पावत्यांचे ढीग कृषी कार्यालयांत जमले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं.

औषधाची किंमतही सरकार ठरवतं, हे मात्र फारच थोड्यांना माहीत आहे. सगळ्याच औषधांची नाही. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत २०२२ मध्ये ३८४ औषधं होती. त्यांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण जाहीर करतं. ‘फार्मा सही दाम’ नावाचं त्याचं ॲपही आहे. पण २०१३ च्या आदेशाने किंमत ठरवण्याची रीतच बदलली. औषध बनवायला किती खर्च येतो हे आता पाहिलं जात नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर सोळा टक्के चढवायचे. म्हणजे बाजार आधीच महाग असेल तर कमाल किंमतही महाग. शिवाय ती दरवर्षी घाऊक महागाईच्या आकड्याबरोबर हलते. एप्रिल २०२२ मध्ये वाढ जवळपास अकरा टक्के होती, पुढच्या एप्रिलमध्ये बारा टक्क्यांहून अधिक. यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला दहा टक्के वाढवण्याची मोकळीकच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, ते बरं झालं. पण ज्या गोळीची छापील किंमतच दुकानदाराच्या खरेदीच्या कितीतरी पट असते, तिच्यावरच्या सात टक्क्यांचा आनंद किती करायचा? मेडिकलबाहेर ‘२० टक्के सूट’ अशी पाटी दिसली की मला प्रश्न पडतो, सूट नेमकी कशावर?

शेतकऱ्यांना ‘लिंकिंग’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हव्या त्या खताच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणे म्हणजे लिंकिंग. दवाखान्यातही ते असतं, फक्त नाव नाही. चिठ्ठीवरचा ब्रँड त्याच दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्ये मिळतो, गावात दुसरीकडे कुठेच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम काढला, आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप होता की गुणवत्तेची खात्री नसताना मूळ नाव लिहिलं तर निवड दुकानदाराच्या हाती जाईल. आक्षेप अगदी खोटा नव्हता. फक्त त्याचा निष्कर्ष ‘आधी गुणवत्तेची खात्री करा’ असा निघायला हवा होता; निघाला तो ‘होतं तसंच चालू द्या’ असा.

इथे एक मोठा गैरसमज घर करून बसला आहे. महाग ते खरं, स्वस्त ते नकली. सरकारी जनऔषधी दुकानातली स्वस्त गोळी घेणाऱ्याला घरातलेच टोकतात, ‘तिच्यात पावर नसते.’ गरीब माणूस सुरक्षितता विकत घ्यायची म्हणून महागडा ब्रँड घेतो, आणि तो परवडत नाही म्हणून कात्री लावून घेतो. नकली माल बनवणाऱ्याच्या जागी बसून पाहा. तो कशाची नक्कल करील, दोन रुपयांच्या गोळीची की जिथे नफा आहे तिची? आणि विषारी निघालेली औषधं काही नावगावाशिवाय विकली गेली नव्हती.

छिंदवाड्याची गोष्ट विदर्भाला परकी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या परासिया भागातली लहान लेकरं सर्दी-खोकल्यानंतर लघवी बंद होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. वीसहून अधिक दगावली. त्यांना दिलेलं ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं होतं. तिथल्या औषध नियंत्रकांच्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, मर्यादा ०.१ टक्क्याची. जवळजवळ निम्मी बाटली विष. हे रसायन गोडसर असतं, दिसायला ग्लिसरीनसारखं, कारखान्यात वापरतात आणि औषधी दर्जाच्या द्रावकापेक्षा स्वस्त पडतं. गफलत किंवा लबाडी, दोन्हीला तेवढं कारण पुरतं. त्या सिरपमध्ये असतं तसं सर्दीच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं.

महाराष्ट्राने हे आधी पाहिलेलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन मेले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्र्यांच्या दालनापर्यंत धागा उलगडला. आरोग्यमंत्री भाई सावंतांना पद सोडावं लागलं. अमेरिकेत १९३७ साली याच रसायनाने शंभरावर माणसं गेली, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी औषध कायदा बदलला. आपल्याकडे लेंटिन अहवाल अभ्यासकांच्या कपाटात आदराने उभा आहे. जे. जे. आणि छिंदवाडा यांच्यात एकोणचाळीस वर्षांचं अंतर आहे, रसायन तेच.

मग सरकारी दवाखान्यातली फुकट गोळी तरी? नागपूर ग्रामीण पोलिसांच्या २०२४ च्या आरोपपत्राने तिथेही घाव घातला. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत स्टार्च आणि टाल्कम पावडर होती, आणि ती हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनली होती. धागा हाती लागला तो कळमेश्वरसारख्या छोट्या ग्रामीण रुग्णालयातल्या नमुन्यावरून, एका औषध निरीक्षकाच्या चिकाटीमुळे. त्याच वर्षअखेरीस अंबाजोगाईच्या रुग्णालयातही बनावट प्रतिजैविकाचं प्रकरण उघडं पडलं. पावडरची गोळी कुणाला लगेच मारत नाही. ताप उतरत नाही, एवढंच. मग डॉक्टर ‘जरा भारी’ औषध लिहितो, ते बाहेरून आणावं लागतं, आणि पुन्हा कात्री. नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत त्या बॅचच्या गोळ्या लोकांच्या पोटात गेलेल्या असतात. औषधाला ओल्या पोत्यावरची चाचणी नाही. ती दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी करायची असते. बी आणि गोळी यांत फरक आहे तो एवढाच.

मिश्रणाबद्दल तर यवतमाळ जिल्ह्याला वेगळं काय सांगावं. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकं मिसळण्याची रीत साऱ्यांच्या डोळ्यांवर आली. कुठली अळी आहे हे न पाहता सगळंच टाकायचं, म्हणजे काहीतरी लागू पडेल. आपल्या चिठ्ठ्या तशाच असतात. एकाच गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली, त्यांतल्या कित्येकांना वैद्यकीय आधार नाही. केंद्राने २०१६ मध्ये अशी ३४४ मिश्रणं बंद केली, कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१८ मध्ये ३२८ पुन्हा बंद झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेची मंडळी तीन-चार दशकं हेच ओरडून सांगत आली. नको ते औषध चिठ्ठीतून काढलं तर बिल आपोआप उतरतं, ही बचतीची सगळ्यात साधी रीत आहे, आणि तिला ॲप लागत नाही.

कात्री कुठल्या गोळीवर आधी पडते, हेही पाहण्यासारखं आहे. गुडघ्याच्या दुखण्याची गोळी पूर्ण घेतली जाते, कारण तिचा गुण संध्याकाळपर्यंत दिसतो. सुई, सलाईन यांच्यासाठी उसने काढले जातात. बीपीची गोळी मात्र मुकी असते. घेतली तरी काही कळत नाही, नाही घेतली तरी वर्ष-दोन वर्षं काही कळत नाही, मग एक दिवस तोंड वाकडं होतं. म्हणून ती आणि शुगरची गोळी दिवसाआड होते. सोयाबीन विकल्यावर नियमित, जून-जुलैत पेरणीचा पैसा ओढताना बंद. डॉक्टरने लिहिलेला डोस चिठ्ठीत राहतो, घेतला जाणारा डोस हंगाम ठरवतो.

केंद्राच्या आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. ही उतरण मी नाकारत नाही. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. खाटेवर पडलात तर सरकार आहे. उभे आहात तोवर खिसा. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या उभ्या माणसालाच लागतात. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत केलं, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयाबाहेर राहिली. दुखणं भारी झालं की ढाणकीचा माणूस जातो तो नेमका तिथे, यवतमाळला किंवा त्याहून जवळच्या नांदेडला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या त्याच शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो फेटाळला.

जे जमतं ते फारसं अवघड नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यासह राज्यातल्या चार जिल्ह्यांत २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात मोजकी दोन-तीन औषधं ठरवून घेतली आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या जवळच्याच दवाखान्यातून दिल्या. महिन्याचा अख्खा पुरवठा हाती, कापाकापी नाही. हे नीट चाललं की मेडिकलची कात्री आपोआप गंजते. तोवर दुकानदाराकडे निदान बिल मागता येतं, बॅच नंबरसकट. औषधाचं पक्कं बिल मागणं आपल्याकडे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, विशेषतः जिथे उधारीची वही मध्ये असते. मला तर दुकानदारावर राग धरवत नाही. रात्री अकराला शटर वर करणारा गावात तोच असतो, आणि खोक्यात काय आलं हे त्यालाही पोत्यावर मांडून पाहता येत नाही.

आमच्या मोठ्या आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गेल्या दिवाळीला मी तो उघडून बसलो. आत रबराने बांधलेली कृषी केंद्राची पावती होती, बियाण्याच्या पिशवीचा टॅग होता, सगळं व्यवस्थित. खाली गोळ्यांचे कापलेले अकरा तुकडे. तिने एकेक हातात घेऊन सांगितलं. ही पांढरी बीपीची, ही लांबुडकी शुगरची, ही पिवळी गॅसची. एका तुकड्यात दोन गुलाबी गोळ्या उरल्या होत्या आणि कागदावर फक्त ‘...टेड’ एवढं वाचता येत होतं.

‘ही कशाची?’

‘ते मले नाही माहीत बाबा. पन घेतली का झोप लागते.’