शंकासमाधान : मुलाखतीची वेळ आणि राहुकाळ

शंका : माझी मुलगी बी.कॉम. झाली. एका बँकेच्या नोकरीसाठी तिला पहिल्यांदाच मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. मुलाखत मोबाइलवर, घरूनच द्यायची. तीन वेळा दिल्या आहेत, त्यातली एक आपण निवडायची : शुक्रवारी सकाळी ११, शुक्रवारी दुपारी ४ किंवा सोमवारी सकाळी साडेनऊ. शुक्रवारी ११ वाजता कॅलेंडरात राहुकाळ आहे. सोमवारी अमावास्या. राहिली चारची वेळ, पण तेव्हा लहान पोरं घरात असतात, मीही मिरचीच्या सातऱ्यावरच्या कामावरून परत येत असते, नुसता गलका. मुलगी म्हणते अकराच बरं. सासूबाई म्हणतात, "राहुकाळात बसवून पोरीचं नुकसान काहून करता?" मी काय करू?
– एक आई, कुही

समाधान : ताई, अकराचीच वेळ घ्या. पण सासूबाईंचं मन मोडू नका. त्याचीही वाट आपल्या रीतीभातीतच आहे, ती पुढे सांगतो.

आधी राहुकाळ कसा ठरतो ते पाहू. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ सारखे भाग करतात आणि त्यातला एक भाग राहूचा धरतात. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा. शुक्रवार साडेदहा ते बारा हे जे कोष्टक सगळ्यांच्या तोंडी असतं, ते सूर्य सहाला उगवला आणि सहाला मावळला असं धरून केलेलं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्या नागपूर भागात सूर्य सातला दहा मिनिटं कमी असताना उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा शुक्रवारचा चौथा भाग अकराच्या सुमारास लागतो आणि सव्वाबारा उलटल्यावर संपतो. जूनमध्ये तोच भाग दहा पस्तीसच्या आसपास लागतो. शिवाय मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य सुमारे २५ मिनिटं आधी माथ्यावर येतो, म्हणून मुंबईसाठी काढलेली वेळ कुहीला जशीच्या तशी चालत नाही.

हे गणित मांडूनही अकराची वेळ राहुकाळातच येते, हे मी लपवत नाही. सांगायचं ते इतकंच की ज्या वेळेची आपण एवढी धास्ती घेतो, ती आपण कधी नीट मोजलेलीही नसते.

अमावास्येचंही तसंच. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला होतं आणि त्याच संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतात. सोमवारी आलेली अमावास्या म्हणजे सोमवती, स्नानदानाला ती पुण्याची मानतात. तमिळ घरांत तर अमावास्येला नवं काम सुरू करणं शुभ समजतात, आणि राहुकाळ मात्र कसोशीने टाळतात. एकाच देवाची भक्ती करणारे लोक एक तिथी इथे टाळतात आणि तिथे धरतात. तेव्हा तिथीतच अपयश भरलेलं आहे असं मानायला आधार उरत नाही.

मुहूर्त पाहायची रीत लग्न, मुंज, वास्तुशांत अशा कार्यांसाठी रुळली. तिथे दिवस आपल्या हाती असतो, चार माणसं गोळा करायची असतात, म्हणून सगळ्यांनी मिळून एक वेळ ठरवायची. मुलाखतीचं बोलावणं दुसऱ्याकडून येतं. ज्याने बोलावलं त्याच्या वेळेला नीट तयारीनिशी हजर राहणं हेच तिथलं कर्तव्य. त्यातून तीन वेळांपैकी एक निवडायची मोकळीक मिळाली असेल, तर मुलीचं डोकं शांत आणि घर शांत अशी वेळ धरावी. तुमच्या घरी ती अकराची आहे. तेव्हा तुम्ही कामावर असाल, पोरं शाळेत असतील.

आता सासूबाईंसाठी. जुन्या काळी प्रवासाला निघायच्या दिवशी वेळ चांगली नसली, तर आपली माणसं प्रस्थान ठेवत. रुमालात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि एखादं वस्त्र बांधून ते चांगल्या वेळी शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. निघाल्याची नोंद तिथेच झाली. मग आपल्या सोयीने निघताना ते गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. श्रद्धाही राहिली आणि कामही अडलं नाही. शुक्रवारी सकाळी नऊला सासूबाईंनाच पुढे करा. त्यांनी देवापुढे दिवा लावावा, नातीच्या हातावर दही-साखर ठेवावी, मुलाखतीच्या जागी सुपारी मांडावी. कार्याचा आरंभ तेव्हाच झाला असं त्यांना सांगा. ही पळवाट समजू नका, आपल्या आज्या-पणज्या असंच करत आल्या आहेत.

यापुढची एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. वेळ ठरल्यावर राहू हा शब्द पोरीच्या कानावर पुन्हा पडू देऊ नका. धास्तावलेली मुलगी साध्या प्रश्नाला अडखळते, आणि मग घरातले म्हणतात, बघा, राहुकाळ भोवला. त्यापेक्षा आदल्या रात्री मोबाइल पूर्ण चार्ज करा, घरात रेंज कुठल्या कोपऱ्यात नीट येते ते आधीच्या एखाद्या दिवशी अकराच्याच वेळेला तपासा, आणि वीज किंवा नेट गेलंच तर शेजारच्या कुणाचा फोन हाताशी मिळेल हे विचारून ठेवा.

शंका : मी नागपूरला राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. मुहूर्त मी मानत नाही. पण मोबाइलवर सांगतात की मुलाखतीला सगळ्यात आधी किंवा सगळ्यात शेवटी जाऊ नये, जेवणानंतरची वेळ टाळावी, मंगळवारी सकाळी साडेदहा सगळ्यात उत्तम. हे तर विज्ञान आहे ना?
– एक विद्यार्थी, मांढळ

समाधान : यातलं काही अभ्यासातून आलेलं आहे, पण त्या अभ्यासाची दुसरी बाजूही ऐकून घ्या. २०११ साली इस्रायलमधल्या पॅरोलच्या ११०० हून जास्त निकालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाण्याच्या सुट्टीनंतर न्यायाधीश सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर करत आणि पुढची सुट्टी जवळ येईल तसा हा आकडा शून्याकडे घसरे, असं त्यात दिसलं. भुकेला न्यायाधीश कठोर होतो ही गोष्ट जगभर गाजली. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की प्रकरणांचा क्रम योगायोगाने लागलेला नव्हता. वकील नसलेले कैदी बहुधा सुट्टीच्या आधी, शेवटी येत, आणि वकिलाशिवाय अर्ज मंजूर होण्याची शक्यता मुळातच कमी होती. म्हणजे जे घड्याळाच्या माथी मारलं गेलं, त्यात क्रमाचा आणि वकिलाचाही वाटा होता.

माणूस थकतो, दुपारी जेवून सुस्तावतो, हे खरं. त्यावरून मंगळवार साडेदहाचा नियम काढणं म्हणजे जुना राहुकाळ सोडून नवा पाळणं. दोन्हींत आपण आपल्या तयारीवरची नजर काढून घड्याळावर लावतो.

तुमच्या वाटेवर तर निवडायलाही फारसं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण असतात. दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये सकाळचं आणि दुपारचं अशी दोन सत्रं चालतात. कुठल्या सत्रात बसायचं ते आयोग ठरवतो, आणि दिलेली तारीख-वेळ सहसा बदलून मिळत नाही. म्हणून आजपासून दोन्हींची सवय करा. सराव मुलाखत एकदा सकाळी दहाला द्या, एकदा दुपारी तीनला द्या. दुपारचं सत्र मिळालं तर हलकं जेवा, बाहेर ताटकळताना दुसऱ्या उमेदवारांना काय विचारलं हे खोदत बसू नका. ही तयारी तुमच्या हातात आहे, वार आणि वेळ नाही.

शंका : एका कंपनीने मुलाखतीची वेळ दिली, ती राहुकाळात होती. मी ताप आहे असं कळवून दुसरी वेळ मागून घेतली, आणि मिळाली. आता मनाला टोचतं. चांगल्या वेळेसाठी एवढं चालतं का?
– एक तरुण, वेलतूर

समाधान : नाही चालत, आणि ते तुम्हालाही कळलं आहे म्हणूनच पत्र लिहिलंत. शुभ वेळ आपण का पाहतो? कामाला देवाचा आशीर्वाद असावा म्हणून. खोटं बोलून मिळवलेल्या वेळेवर तो आशीर्वाद मागायला आपण कुठल्या तोंडाने जाणार? धर्म मानायचा तर सत्य आधी आणि मुहूर्त नंतर, हा क्रम कुणालाही उलटवता येत नाही. शिवाय कंपनीला आपलं वेळापत्रक फिरवावं लागलं. कदाचित तुमच्यासाठी दुसऱ्या एखाद्या उमेदवारालाही पुढे-मागे केलं असेल. त्याच्या घरीही कुणी वाट पाहत असतं.

वेळ बदलून मागण्यात मात्र काही वाईट नाही. "त्या वेळी मला अडचण आहे, दुसरी वेळ मिळाल्यास आभारी राहीन," एवढं खरं वाक्य पुरतं. नाही म्हणाले तर दिलेल्या वेळेला जायचं. परीक्षेचा पेपर आहे, घरात दु:खद घटना झाली आहे, शुक्रवारी जुम्म्याची नमाज आहे, अशी कारणं तर बिनसंकोच आणि वेळेत कळवावीत. श्रद्धेतलं कर्तव्य सांगायला लाजू नये. भीती लपवायला आजाराचं सोंग घेऊ नये.

आता जे झालं त्यावर आणखी खोटं रचू नका. तब्येत कशी आहे असं विचारलं, तर पूर्वी दिलेलं कारण खरं नव्हतं, माफ करा, असं सरळ सांगा. ते एक वाक्य जड जाईल, पण त्यानंतरचं सगळं बोलणं हलकं होईल.

शंका : आम्ही बौद्ध आहोत. मुलगा मुलाखतीला नागपूरला निघाला तेव्हा मांजर आडवं गेलं आणि माझी आई म्हणाली, "थांब जरा." तो तिच्यावर खेकसून निघून गेला. विचार त्याचा बरोबर आहे, पण म्हाताऱ्या माणसाशी असं वागावं का?
– एक वाचक, पचखेडी

समाधान : विचार बरोबर आणि वागणं चूक, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. जातककथांमध्ये नक्खत्त जातक आहे. शहरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी मुलासाठी ठरवली आणि लग्नाचा दिवस नक्की केला. मग त्यांनी कुळाच्या आजीवक साधूला नक्षत्र विचारलं. दिवस ठरल्यावर विचारलं याचा राग येऊन साधू म्हणाला, आज नक्षत्र अशुभ, आज लग्न केलं तर मोठा अनर्थ होईल. वरपक्ष गेलाच नाही. इकडे मांडव घालून बसलेल्या लोकांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वरपक्ष आला तेव्हा नुसतं भांडण हाती लागलं. तिथे आलेल्या शहाण्याने सांगितलं, ती मुलगी मिळणं हेच तुमचं शुभ नक्षत्र होतं. बोलावलेल्या वेळेला न जाण्याने काय जातं, हे याहून नेमकं कुणी सांगितलं नसेल. मुलगा थांबला नाही हे योग्यच झालं.

दिवसाला अर्थ असू शकतो, हेही त्याला सांगा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला. सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराची आठवण त्या दिवसाशी जोडलेली आहे. आठवणीसाठी दिवस निवडणं निराळं आणि भीतीने दिवस टाळणं निराळं.

पण आजीच्या "थांब जरा"मध्ये मांजरापेक्षा नातवाची काळजी जास्त होती. मैत्री आणि करुणा ही धम्माची शिकवण आहे, आणि तिची पहिली परीक्षा घरातच होते. पाया पडून "आजी, गाडी चुकेल, येतो," असं म्हणायला त्याला खेकसण्याएवढाच वेळ लागला असता. परत आल्यावर त्याने तिच्याजवळ बसून मुलाखतीत काय काय विचारलं ते तिला सांगावं. माफी त्यातच येते.

शंका : मुलाची निवड व्हावी म्हणून अंभोऱ्याच्या चैतन्येश्वराला नवस बोलले होते. निवड झाली नाही. नवस अवेळी बोलला गेला असेल का? आणि तो फेडावा लागतो का?
– एक आई, कुही

समाधान : देवाशी बोलायला अवेळ नसते, माउली. ज्या अंभोऱ्याला पाच नद्या एकत्र येतात आणि कवी मुकुंदराजांची आठवण सांगतात, तिथला देव आईची हाक घड्याळ पाहून ऐकत असेल असं मनात आणू नका. नवस अटीवर बोलला होता आणि ती अट पुरी झाली नाही, तेव्हा ऋण उरलं नाही. दर्शनाला जावंसं वाटलं तर मुलाला घेऊन अवश्य जा, पण दंड भरायला म्हणून नको.

आणि तुमच्या बोलण्याने मुलाची निवड हुकली हा विचार आजच काढून टाका. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, म्हणून चांगली मुलंही मागे राहतात. त्याला कोणते प्रश्न आले आणि कुठे अडकला हे आठवणीत ताजं आहे तोवर त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. पुढच्या मुलाखतीला ती वही त्याच्या कामी येईल.