दुसऱ्याच्या गावातला रस्ता

बदलापूर म्हटलं की बहुतेकांना लोकलचं स्टेशन आठवतं. पण स्टेशन आहे कुळगावात. मूळ बदलापूर गाव तिथून पश्चिमेला, उल्हास नदीच्या काठावर. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ, वांगणी मागे टाकून इथे येते, तेव्हा अजून बरीच निर्मळ असते. या जुन्या गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना नाना म्हणत. दुकानात पंक्चर काढायच्या पाण्याचं घमेलं, छताला टांगलेल्या ट्यूबा आणि भाड्याने द्यायच्या डझनभर सायकली.

एका दिवाळीनंतर तीन मित्र नानांकडे आले. एक मुलगी बदलापूर गावातलीच, एक मुलगा अंबरनाथचा आणि एक उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला, सिंधी घरातला. तिघं एका कॉलेजात शिकलेले. त्यांना हिवाळाभर दर रविवारी सायकलसहल काढायची होती. मुंबई-ठाण्याची माणसं पहाटेच्या लोकलने यावीत, सायकली इथून घ्याव्यात, नदीकाठ बघावा, दुपारच्या आत परतीची गाडी धरावी. सायकली नानांच्या, मेहनत तिघांची.

"नकाशा आणलाय का?" नानांनी विचारलं.

नकाशा होता. मुलीने तो काउंटरवर पसरला. गावातून निघून पूल ओलांडायचा, मूळगावच्या टेकडीवरच्या खंडोबाला जायचं, पुढे बारवी धरणाच्या रस्त्याने रानातून फिरून परत यायचं. अंबरनाथचं शिवमंदिर होतं, पण तिथे जायचं ते थेट समोरच्या रस्त्याने आणि आल्या वाटेने माघारी. उल्हासनगर नव्हतंच.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग अंबरनाथच्या मुलाला म्हणाले, "देवळाच्या अंगाने वालधुनी नदी वाहते ना रे? तुमची रेघ तिला वळसा घालून का गेली?"

"नाना, वास येतो तिथे. पाहुण्यांना काय नाला दाखवायचा?"

"आणि तुझं गाव?"

सिंधी मुलगा हसला. "आमच्याकडे काय आहे बघायला? दुकानं आणि गर्दी."

मुलीला नानांनी काही विचारलं नाही, पण तिची रेघही गावातल्या एका गल्लीला टाळून गेली होती हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्या गल्लीच्या टोकाला नव्या इमारतींचं सांडपाणी नदीत उतरतं. नानांनी नकाशाची घडी घातली आणि ते मुलीला म्हणाले,

"सायकली देतो. भाडंसुद्धा पहिल्या महिन्यात घेत नाही. पण एक अट आहे. आपल्या गावातला रस्ता कुणी आखायचा नाही. तू अंबरनाथचा आख, हा उल्हासनगरचा आखेल, आणि हा आपल्या बदलापूरचा. महिन्याने या."

तिघांनाही अट विचित्र वाटली. पण फुकटच्या डझनभर सायकली कोण सोडतो?

मुलगी अंबरनाथला गेली ती आधी देवळातच. लहानपणापासून महाशिवरात्रीच्या जत्रेला ती तिथे येत होती, तेव्हा रांगेत माणसांच्या पाठीच दिसायच्या. आता एका मंगळवारी सकाळी तिने ते देऊळ पहिल्यांदा सावकाश पाहिलं. शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. जवळजवळ हजार वर्षं. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर एक हातभर जागा कोरीव कामावाचून नाही. मागच्या अंगाला आली तेव्हा वास आला.

इथे एखादी दुसरी मुलगी नाकाला ओढणी लावून परत फिरली असती. हिला मात्र प्रश्न पडला. राजाने एवढं देऊळ बांधायला हीच जागा का निवडली असेल? दगड वाहून आणायचा, शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबवायची, तर पाणी हवंच. देवाला अभिषेक घालायला हवं, गवंड्यांना प्यायला हवं. ही नदी होती म्हणून ते देऊळ इथे उभं राहिलं. मग ती नदी आधी कशी दिसत असेल हे बघायला ती उलट्या दिशेने निघाली, वरच्या अंगाला, काकोळेकडे. रेल्वेसाठी बांधलेल्या तिथल्या तळ्याला लोक अजून जीआयपी टँक म्हणतात. डोंगराच्या कुशीत निळंशार पाणी, काठाला बगळे. त्याच परिसरातून निघणारी वालधुनी सायकलवरच्या एका सकाळीत देवळापर्यंत येते आणि तेवढ्यात काळी होते. कारखान्यांचं पाणी, वस्त्यांचं सांडपाणी, कचरा, सगळं त्या थोड्या अंतरात. पुढे उल्हासनगरातून जाताना ती आणखी मरते. 2014 साली या नदीत रसायन ओतलं गेलं तेव्हा त्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

तिने रस्ता आखला तो काकोळ्यापासून. नदीच्या बरोबरीने खाली, आणि देवळात समोरून नव्हे तर मागून.

अंबरनाथचा मुलगा चिडला. "हे दाखवणार? लोक नाक मुरडतील आमच्या गावाला."

"तू शाळेत असताना रोज वालधुनीच्याच पुलावरून जायचास ना?"

"म्हणून तर. मला नाही कुणाला दाखवायचं."

"काकोळ्याला गेलायस कधी?"

तो गप्प बसला. गेला नव्हता. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं. गावाची लाज आपल्याला तोंडपाठ असते, पण त्याच गावाचं मूळ पाणी बघायला वर चढून जायचं राहून गेलेलं असतं.

हाच मुलगा उल्हासनगरचा रस्ता आखायला गेला, तो मित्राच्या आजीकडे. तिला घरात सगळे अम्मा म्हणत. तिने दाल-पकवान समोर ठेवलं आणि तो विचारेल त्याच्या चौपट सांगितलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी, त्यात फाळणीनंतर आणून सोडलेली लाखभर सिंधी माणसं, पोत्यांचे पडदे लावून एका बराकीत केलेले अनेक संसार. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि छावणीचं शहर झालं, नाव पडलं शेजारच्या नदीवरून.

"आम्ही सिंधूचे," अम्मा म्हणाली. तिची हिंदी सिंधी वळणाची होती, मुलाने ती मनातल्या मनात मराठीत ऐकली. "आमचा देव झूलेलाल, पाण्याचा देव. चेटीचंदच्या सणाला त्याचा बहराणा, म्हणजे पूजेचं ताट, पाण्यात सोडायचा असतो. इथे आलो तेव्हा माझी आई रडत होती, देव कुठे सोडू म्हणून. कुणीतरी तिला उल्हासच्या काठी नेलं. तिने पदराने पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, ठीक आहे, नदी आहे, म्हणजे राहता येईल."

मुलगा त्या दिवशी घरी चालत गेला. वालधुनी कॅम्पातून जाते तिथे तो उभा राहिला. जीन्स रंगवायच्या कारखान्यांमुळे हे पाणी कधी निळं, कधी तांबडं दिसायचं, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. आजवर तो म्हणत आला होता की उल्हासनगरवाल्यांनी नदी घाण केली. आणि उल्हासनगरवाले म्हणत, ती अंबरनाथहूनच घाण येते. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीकडून आजवर कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

बदलापूरचा रस्ता आखायला सिंधी मुलाला फार दिवस लागले नाहीत. त्याने घरांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा शोधल्या. 26 जुलै 2005 ची खूण कुठे, 2019 ची कुठे, हे त्याने घरोघर विचारून घेतलं. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, तेव्हा याच गावातही पाणी शिरलं होतं. उन्हाळ्यात जलपर्णी कुठून कुठवर पसरते तेही त्याने टिपलं. आणि अर्थात ती गल्ली. मुलीला राग आला, पण अंबरनाथच्या मुलाला ती जे म्हणाली होती ते तिला आठवत असावं, कारण तिने रेघ खोडली नाही. तिने फक्त त्या मुलाला जांभळाच्या बागा दाखवल्या. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "हेही घाल. नुसता पूर आणि घाण घालशील तर तोही अर्धाच रस्ता."

महिन्याने तिघं दुकानात आले तेव्हा नकाशा पार बदलला होता. बारवीचं रान गेलं होतं. गावातून पूल, मूळगाव, परत गाव, ती गल्ली, मग काकोळे, तिथून वालधुनीच्या संगतीने शिवमंदिर आणि शेवटी उल्हासनगर, अम्माच्या अंगणात. सायकली तिथून टेम्पोने परत. नानांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि फक्त व्यवहाराचं विचारलं. कल्याण-कर्जत रस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, तिथे पुढे कोण आणि मागे कोण? पंपाची पिशवी कुणाकडे? चेन तुटली तर जोडता येते का? तिघांनाही ती जोडता येत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी ते शिकून घेतलं.

पहिल्या रविवारी अकरा पाहुणे आले. मूळगावच्या चढावर दोघं उतरून चालले. काकोळ्याला सगळे खूश, फोटो झाले. मग वालधुनीच्या पुलावर अंबरनाथचा मुलगा थांबला आणि सगळ्यांना थांबवलं. वास आलाच. एक बाई म्हणाल्या, "अहो, आत्ता वर पाहिलं ते हेच पाणी?"

"हेच," तो म्हणाला.

"मग मध्ये काय झालं?"

त्याने सांगायला सुरुवात केली. कोणता नाला कुठून येतो, कोणत्या भागातलं सांडपाणी थेट उतरतं, तक्रार नगरपालिकेकडे कुठली द्यायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कुठली. महिनाभर तो हेच विचारत फिरला होता. गावाची नाचक्की होईल म्हणून नकाशातून पूल पुसायला निघालेला मुलगा आता पुलावरून हलायला तयार नव्हता. पाहुणेही हलले नाहीत. कुणी विचारत होतं, कुणी लिहून घेत होतं, एकजण देवळाकडे बघत तसाच उभा होता.

देवळात तासभर गेला. अम्माकडे पोचायला दीड तास उशीर झाला, पकवान मऊ पडले, आणि तिने सगळ्यांसाठी पुन्हा तळायला घेतले. दोघांची गाडी चुकली.

संध्याकाळी दुकानात हिशेब करताना मुलगी म्हणाली की वेळ बसत नाही, काहीतरी कापायला हवं. मूळगाव कापू, नाहीतर पुलावरचा थांबा दहा मिनिटांवर आणू.

"पुलावरचा नको," उल्हासनगरचा मुलगा लगेच म्हणाला.

"मूळगावही नको," अंबरनाथचा म्हणाला. "नदी चांगली असते ती तिथेच दिसते. ती आधी बघितली नाही तर पुलावर उभं राहून काय कळणार?"

नाना एका सायकलच्या ब्रेकचे शू बदलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "उजाडतं किती वाजता?"

पुढच्या रविवारपासून निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली, आणि प्रत्येक सायकलला पुढे दिवा लावला.