छप्पनच्या पुढे

वर्दीतलाच माणूस खुनी निघाला, तर पळायचं कुणाकडे? भयपटांनी आजवर जे काही विचारलं, त्यात याच्याइतका साधा आणि जीवघेणा प्रश्न मला दुसरा दिसत नाही. १९८८ साली विल्यम लस्टिग या अमेरिकी दिग्दर्शकाने 'मॅनिॲक कॉप' काढला तो याच प्रश्नावर. लेखन लॅरी कोहेनचं, पैसा बेताचा, रक्तपात भरपूर. सुरुवातीलाच न्यू यॉर्कमध्ये रात्री एका तरुणीला लुटारू गाठतात. ती जीव खाऊन पळत सुटते. बागेत एक पोलीस उभा दिसतो, ती त्याच्याकडे धावते आणि तो तिची मान मोडतो. पुढे शहरभर बातमी फुटते आणि लोक प्रत्येकच पोलिसाला भिऊ लागतात. गाडी अडकून पडलेली एक बाई, जवळ आलेल्या एका निरपराध पोलिसावरच गोळी झाडते. मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते या प्रसंगाने. खुनी एकटाच आहे, पण वर्दीवरचा भरवसा त्याने साऱ्या शहरातून संपवलेला आहे.

हा मॅट कॉर्डेल मुळात चांगला पोलीस. वरच्यांच्या भानगडी त्याच्या हाती लागल्या म्हणून त्याला तुरुंगात धाडलं, आणि तिथे कैद्यांनी त्याचा चेहरा फाडला. म्हणजे त्याच्या रागाला कारण आहे. १९९० च्या दुसऱ्या भागात शेवटी त्याच्यावरचा कलंक पुसला जातो, त्याला सन्मानाने पुरलं जातं. गोष्ट तिथे संपते. तरीही तिसरा भाग निघाला. त्यात मंत्रतंत्राने त्याला थडग्यातून उठवलं आणि पुन्हा माणसं मारायला लावली. चित्रण चालू असतानाच दिग्दर्शक बाजूला झाला. तो सिनेमा पाहताना कुणी का मरतंय याचं काहीच वाटेनासं होतं. प्रेक्षक नुसती प्रेतं मोजत बसतो.

आपल्याकडे असाच एक दुसरा भाग निघाला, आणि त्याची खंत मला अजून आहे.

'अब तक छप्पन' २००४ साली आला. निर्माता राम गोपाल वर्मा, दिग्दर्शक शिमित अमीन, आणि इन्स्पेक्टर साधू आगाशेच्या भूमिकेत नाना पाटेकर. शीर्षकातला आकडा हा आगाशेने चकमकीत मारलेल्या माणसांचा. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रं ज्यांना 'चकमकफेम' म्हणू लागली होती, त्या मुंबईच्या अधिकाऱ्यांची सावली या पात्रावर पडलेली आहे. आगाशे घरी साधा संसारी माणूस. बायकोशी हळू आवाजात बोलणारा, मुलावर जीव लावणारा. कामावर मात्र तो माणूस मारतो, आणि ते तो अगदी सहज करतो. चहाचा घोट घ्यावा तितकं सहज. नानाने एरवी गाजवलेला आरडाओरडा इथे जवळजवळ नाही. परदेशात बसलेला टोळीचा म्होरक्या जमीर त्याला फोन करतो तेव्हाही दोघं जुनी ओळख असल्यासारखे बोलतात. तो संवाद ऐकताना पाठीतून शिरशिरी जाते, कारण यातला कायद्याच्या बाजूचा आवाज कोणता, हे स्वरावरून ओळखू येत नाही.

या सिनेमाचं खरं बळ मात्र आगाशेपेक्षा त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसांत आहे. पथकात जतिन शुक्ला हा कोवळा पोरगा नवा रुजू होतो. पहिल्यांदा माणूस मारला जाताना तो पाहतो, आणि त्याच्याबरोबर आपणही पाहतो. घरी रेवतीने उभी केलेली बायको आहे. नवरा काय करून घरी येतो हे तिला ठाऊक आहे. आयुक्त प्रधान म्हणजे मोहन आगाशे. प्रधानांचा साधूवर लोभ आहे आणि त्यांना काळजीही आहे. या सगळ्यांच्या नजरा आगाशेवर खिळलेल्या असतात, म्हणून आपली नजर सैलावत नाही. बायको मारली जाते तेव्हा आपल्याला हळहळ वाटते, आणि त्याच हळहळीत हेही लक्षात येतं की छप्पन घरांत अशीच कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई बसलेली असणार.

'अब तक छप्पन २' आला २०१५ मध्ये, दिग्दर्शक एजाज गुलाब. आगाशे आता गोव्यात मुलाबरोबर शांतपणे राहतो आहे. मुंबईत गुंडगिरी पुन्हा माजते, राज्यकर्त्यांना त्याची आठवण होते, तो परत येतो. मुलगा मारला जातो. खरा सूत्रधार गृहमंत्रीच निघतो. भूमिका विक्रम गोखल्यांची. नटसंच भक्कम आहे, नाना तर आहेच. त्याच वर्षी नाना आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' सुरू केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांपर्यंत ही माणसं पोचली, त्यामुळे आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नानाच्या शब्दाला वेगळंच वजन आहे. मीही तो सिनेमा मोठ्या आशेने पाहिला, आणि अर्ध्यावरच मन उतरलं.

कथा विस्कळीत आहे, कॅमेरा उगाच हिंदकळतो, हे दोष आहेतच. पण मुळातला तोटा निराळा. दुसऱ्या भागात आगाशेकडे कुणी प्रश्नार्थक नजरेने पाहतच नाही. सरकारला तो हवाय, जनतेला हवाय, पटकथेलाही हवाय. गुल पनागची पत्रकार आहे, पण तिचा एकही प्रश्न माझ्या लक्षात राहिला नाही. पहिल्या भागात जो मुद्दा वादाचा होता, तो इथे आधीच निकालात निघालेला आहे: मारायलाच हवं, आणि मारायला हाच हवा. एकदा हे ठरलं की उरतो तो आकडा वाढवण्याचा उद्योग. आगाशेचं मौन जातं आणि भाषणं येतात. जो माणूस बोलत नव्हता म्हणून त्याची भीती वाटायची, तो देशाच्या दुरवस्थेवर बोलू लागतो आणि आपल्यातलाच एक वैतागलेला गृहस्थ होऊन बसतो.

पण या सिनेमाला एकट्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दोन्ही भागांमधल्या अकरा वर्षांत प्रेक्षकच बदलला होता. 'दबंग' आणि 'सिंघम' येऊन गेले होते. पुढे २०१८ मध्ये 'सिम्बा' आला. त्यात बलात्काराच्या आरोपींना ठाण्यातच मारलं जातं, आणि त्याला घरातल्या आयाबायांची संमती मिळालेली दाखवली आहे. या सिनेमांत गाणी होती, विनोद होता, नायकाचा रुबाब होता; आगाशेचा सुकलेला चेहरा त्यांच्यापुढे टिकणारच नव्हता. आणि पडद्यावरचं हे सगळं रस्त्यावर उतरायला वेळ लागला नाही. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ एका अमानुष गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्या घटनेची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांच्याकडे सोपवली, ते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आपल्याच विदर्भातले, नागपूरला वकिली केलेले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या आयोगाच्या अहवालाने चकमक बनावट ठरवली, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असं सुचवलं, आणि मेलेल्यांपैकी तिघं अल्पवयीन होते असा निष्कर्ष काढला. फुलं उधळल्याच्या बातमीला जेवढी जागा मिळाली होती, तेवढी या अहवालाला मिळाली नाही, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

मुंबईतला जुना हिशेबही असाच पडून होता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसं मेली. त्याबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २०१४ च्या सप्टेंबरात. चकमकीत मृत्यू झाल्यास तपास कसा व्हावा याचे सोळा नियम न्यायालयाने घालून दिले. त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो: चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच त्याचा विचार करायचा. आकड्याला बक्षीस नाही, एवढाच त्याचा अर्थ. २००६ मध्ये वर्सोव्यात मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याच्या प्रकरणात २०१३ ला १३ पोलिसांना जन्मठेप झाली. त्यामागे त्याच्या वकील भावाने वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा होता. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने आधी सुटलेले 'चकमकफेम' अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी धरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याकडे सिनेमे निघाले ते मारणाऱ्यांवर. कागदांची बाडं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणारा भाऊ कुणाला नायक वाटला नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याचं कारण माझ्या वर्गात बसतं. मी आमच्या जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहाटे चिखली-मेहकर रस्त्यावर अंधारात पळणारी पोरं दिसतात ती पोलीस भरतीची. सोळाशे मीटरची वेळ, शंभर मीटर, गोळाफेक. पोरींना आठशे मीटर. बाप कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवाला, बहुधा कर्जात. या पोरांसाठी वर्दी म्हणजे महिन्याचा पगार, बहिणीचं लग्न, घरावर स्लॅब. त्यांच्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या मोबाइलच्या स्टेटसवर सतत सिंघम दिसतो तेव्हा जीव कासावीस होतो. मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसलेला म्हातारा, आणि त्याची तक्रार नीट लिहून घेणारा जमादार, हे चित्र त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आमच्याकडे एखादा बरा ठाणेदार बदलून गेला की गावं हळहळतात. त्याने माणसं ऐकून घेतली, म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना 'अर्धसत्य' दाखवला. १९८३ चा, गोविंद निहलानींचा, श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला. ओम पुरींचा अनंत वेलणकर हाही माणूस मारणारा पोलीसच. आधी रेडिओचोरीच्या संशयावरून धरलेला एक पोरगा त्याच्या मारहाणीत कोठडीत मरतो. त्यातून सुटण्यासाठी तो रामा शेट्टी या गुंडाच्या दारी जातो, आणि अपमान असह्य होऊन त्याचाच गळा दाबतो. मग ठाण्यात येऊन स्वतःला अटक करवून घेतो. या सिनेमाचा पुढचा भाग कुणी काढला नाही. त्याची मैत्रीण, स्मिता पाटीलची ज्योत्स्ना, त्याला जे विचारून गेली होती, ते शेवटपर्यंत त्याची पाठ सोडत नाही.

दिवे लागले. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, त्यानं सरेंडर कायले केलं? शेट्टी तं गुंडाच व्हता." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात भरतीसाठीच धावणारी एक मुलगी उठली आणि त्यालाच म्हणाली, "शेट्टीचं जाऊ दे. लॉकअपमदी मेला तो पोट्टा कोन्या हिशोबात धरतं तू?"

त्याला उत्तर सुचलं नाही. तास संपला तरी दोघं दारात उभं राहून वाद घालत होते, आणि इतर पोरं त्यांच्याभोवती जमली होती.