मधला वाडगा

बँकॉकमधील एखाद्या साध्या खाणावळीत कुटुंब जेवायला बसले की प्रत्येकापुढे केवळ भाताची थाळी येते. तोम यामचे आंबट-तिखट सार, हिरव्या मिरचीच्या वाटणाचे नारळदुधातील कालवण, तुळशीच्या पानांबरोबर परतलेले मांस, कच्च्या पपईची कोशिंबीर हे सारे मेजाच्या मधोमध मांडले जाते. थाई भाषेत जेवण्याला ‘किन खाव’, म्हणजे भात खाणे, असे म्हणतात. इतर पदार्थ ते ‘कप खाव’, म्हणजे भातासोबतचे. भात ज्याचा त्याचा, बाकीचे सर्वांचे.

या मेजाचे काही अलिखित नियम आहेत. एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे घ्यावेत आणि ते संपल्यावर दुसऱ्याकडे वळावे. आरंभीच थाळी भरून घेणे असभ्यपणाचे समजतात. वाढून घेण्यासाठी ‘चॉन क्लांग’ नावाचा सामाईक चमचा असतो.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. बिल मी भरणार असेन, तर वाडग्यातील शेवटची कोळंबीही माझीच का नव्हे? व्यवहार म्हणेल, तुझीच. परंतु पैशाने पदार्थ मागविण्याचा अधिकार मिळतो, शेजाऱ्याचा वाटा उचलण्याचा नव्हे. संत ग्रेगरी या सहाव्या शतकातील पोपमहोदयांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, जिभेचे चोचले पुरविणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि हावरेपणाने खाणे. पाचांपैकी एकच प्रकार प्रमाणाविषयी आहे. म्हणजे थोडे खाणारा माणूसही खादाड असू शकतो.

मात्र सामाईक वाडग्याची थोरवी गाताना सावध राहिले पाहिजे. प्रत्येकाने आपापली थाळी मागविण्यातही न्याय आहे. लहान मूल, संकोची पाहुणा, सावकाश जेवणारे आजोबा यांचा वाटा तेथे सुरक्षित राहतो. मधल्या वाडग्यात चपळ हाताची सरशी होते. बँकॉकमध्येही दुपारच्या सुट्टीत एकटा कामगार भातावर कालवण घातलेली एकच थाळी घेऊन बसतो. त्यात स्वार्थ कसला? मांडणी सामाईक केली म्हणून मने सामाईक होत नाहीत.

करिंथ येथील ख्रिस्तसभाही एकत्र जेवत असे. तरी कुणी उपाशी राही, तर कुणी मद्याने धुंद होई. इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात त्यांची कानउघाडणी केली. प्रभुभोजनाच्या स्थापनेचा वृत्तांतही याच अध्यायात येतो, हा केवळ योगायोग नव्हे. त्याने सुचविलेला उपाय साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

थांबणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे. मधला वाडगा आपल्याला सद्गुणी करीत नाही, तो आपली परीक्षा घेतो. अजून कुणाच्या थाळीत काही पडले नाही, हे चमचा उचलण्यापूर्वी पाहावे लागते. बिल समान वाटून घेताना कमी मिळकतीचा सोबती मुकाट्याने खिशात हात घालतो, तेव्हा करिंथ फार दूर नसते. रविवारी मिस्सामध्ये एकाच भाकरीचे वाटेकरी होणाऱ्यांनी संध्याकाळी उपाहारगृहाच्या मेजावरही एकमेकांच्या थाळीकडे लक्ष द्यावे. वेदीवर शिकलेला धडा खरा किती, ते तेथेच कळते.